प्रशासकीय सुधारणांनी सेवा खरंच सुधारते का नुसते बोर्ड बदलतात?

रांगेतला: दर थोड्या वर्षांनी सुधारणांचा डंका वाजतो, खाती एकत्र होतात, मुदती ठरतात, पोर्टल येतं, आणि अर्जदाराला शेवटी तेच ऐकायचं की त्रुटी आहे, परत या. फरक पडला असं कुठे झालंय का, आणि पडला तर कशामुळे? थिअरी नको प्लीज.

जुना_लिपिक: मुदतीवर फार विसंबू नका. ब्रिटनमध्ये ४८ तासांत डॉक्टरची वेळ मिळालीच पाहिजे असं टार्गेट आलं, तर काही दवाखान्यांनी त्यापुढचं बुकिंगच घेणं बंद केलं, म्हणजे पुढच्या आठवड्यातली वेळ हवी असेल तरी मिळेना. २००५च्या निवडणुकीत टीव्हीवर एका बाईने तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना हे तोंडावर सांगितलं तर ते चाटच पडले. आपल्या सरकारी टेबलावर पण हेच चालतं. मुदत संपत आली की एक त्रुटी काढायची, अर्ज परत पाठवायचा, नवीन तारीख पडली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. रिपोर्टमध्ये सगळं वेळेत!

सर्व्हर_डाउन: एस्टोनिया बघा. २००१ मध्ये त्यांनी एक्स-रोड नावाची, सरकारी खात्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी यंत्रणा आणली, त्यात सगळी माहिती एका जागी गोळा केलेली नाही, ती ज्याच्या त्याच्या खात्याकडेच असते, लागली की खाती एकमेकांना विचारतात. वर नियम असा की सरकारकडे आहे ती माहिती नागरिकाकडे परत मागायची नाही. कागद तिथं कमी झाले. बाकी ठिकाणी काय, जुनाच फॉर्म स्कॅन करून अपलोड करा, ह्याला कसली सुधारणा म्हणायची.

चहाबाज: सॉफ्टवेअरचं कौतुक पुरे हो. जॉर्जिया देशात (अमेरिकेतलं राज्य नव्हे) २००४ नंतर लाचखोर ट्रॅफिक पोलीस हजारोंनी घरी बसवले आणि नवीन भरती चांगल्या पगारावर केली, चिरीमिरी झपाट्याने कमी झाली. माणूस आणि पगार तसाच ठेवून वर कॉम्प्युटर बसवला तर चिरीमिरीचा फक्त रस्ता बदलतो. अर्थात एवढी झाडाझडती करायला वर राजकीय पाठबळ लागतं, ते रोज मिळत नाही.

रांगेतला: @जुना_लिपिक मग मुदत काढूनच टाकायची का?

जुना_लिपिक: छे, मुदत नसेल तर फाईल हलायचीच नाही. त्रुटी काय त्या सगळ्या एकदाच लेखी द्यायच्या, आणि दुरुस्त अर्ज आला की दिवस थांबले होते तिथून पुढे मोजायचे, पहिल्यापासून नाही. आणि "वेळेत"च्या शेजारी "परत पाठवलेले" असा रकाना टाका, मग बघा किती साहेबांना घाम फुटतो ते.