वार्षिक अहवालातले संशोधन: नोंद कशाची व्हावी?

अंत्रुजकर (मूळ लेख)

गोव्यातील उच्च शिक्षणसंस्थांचे वार्षिक अहवाल वाचण्याची सवय मला निवृत्तीनंतर लागली. घरची मंडळी याला छंद म्हणायला तयार नाहीत, तो भाग वेगळा. यंदा हाती आलेल्या एका अहवालात, ज्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, ‘प्राध्यापकांचे संशोधन व व्यावसायिक यश’ या मथळ्याखाली बावीस पाने होती. प्रत्येक नोंदीत लेखकांची नावे, शोधनिबंधाचे इंग्रजी शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे आणि प्रभावांक (त्या नियतकालिकातील निबंधांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा हवाला देतात, तो आकडा); त्याखाली कोण कोणत्या परिषदेत सत्राध्यक्ष होते, कोणी बीजभाषण केले, कोणाची कोणत्या अभ्यासमंडळावर नेमणूक झाली. ही बावीस पाने संपली तेव्हा काय कुठे छापून आले हे मला कळले होते, परंतु कोणाला काय सापडले याची एक ओळही त्यांत नव्हती.

असे होण्यामागे इतिहास आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांक लागू केले आणि २०१८ च्या नियमावलीत त्यांचे तक्ते बदलले, पण मोजण्याची वृत्ती कायम राहिली. विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८ गुण, मानव्यविद्यांत १०. थेट प्राध्यापकपदासाठी किमान १२० संशोधनगुण. ज्याला गुण मिळतात तेच माणूस लिहून ठेवतो. या मोजणीने काय पिकले, हेही २०१८ मध्येच दिसले. पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी शिफारस केलेली नियतकालिके तपासली, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात असे त्यांना आढळले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून, नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आयोगाने संस्थांवरच सोपवली.

पेटंटची गोष्ट आणखी गमतीची आहे. वृत्तपत्रांत ‘अमुक प्राध्यापकांचे पेटंट प्रसिद्ध’ असे वाचून आपण अभिनंदन करतो. परंतु पेटंटचा अर्ज केल्यानंतर साधारण १८ महिन्यांनी तो कायद्यानुसार प्रसिद्ध होतोच, आणि त्यातील कल्पना नवी आहे की नाही याची तपासणी त्यानंतर व्हायची असते. अर्ज पोहोचल्याची ती पावती आहे. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत मिळू लागल्यावर अशा पावत्या वाढल्या नसत्या तरच नवल.

माझी सूचना एवढीच आहे. प्रत्येक प्राध्यापकाने वर्षातले आपले एकच काम निवडावे आणि साठ ते शंभर शब्दांत लिहावे: प्रश्न काय होता, काय सापडले, काय सापडायचे राहिले. भाषा मराठी किंवा कोंकणी, जी हाताला येईल ती. त्यावरून इथे नवा वाद नको. बाकीची बावीस पाने परिशिष्टात जाऊ द्यावीत.

पठारवासी

अंत्रुजकर सर, मी विज्ञान शाखेत शिकवतो आणि माझे नाव अशा पानांवर छापले जाते, तेव्हा माझा विरोध स्वार्थातून आला आहे असे कोणी म्हटले तर ते मी नाकारणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अहवाल तुमच्यासाठी किंवा माझ्या शेजाऱ्यांसाठी लिहिलेलाच नसतो. विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रमवारीत संशोधन व व्यावसायिक कार्याला ३० टक्के भार आहे आणि मूल्यांकन समिती येते तेव्हा ती पुराव्यासह आकडे मागते. ज्या कागदाचा उपयोग हिशेब देण्यासाठी आहे, त्याने कथा सांगावी अशी अपेक्षा धरणे म्हणजे बँकेच्या पासबुकात प्रवासवर्णन शोधण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती गोव्यात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागू नये. आपले राज्य एवढेसे. निवड समितीत कोण बसणार हे पत्र निघण्यापूर्वी सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्या समितीतील कोणीतरी उमेदवाराच्या मावशीच्या वर्गात शिकलेले असते. आकडे येण्यापूर्वी ‘चांगले काम’ कोणाचे हे कोण ठरवत होते, ते आठवून पाहा. ज्याच्या पाठीशी ना देवस्थानच्या महाजनांपैकी कोणी, ना मंत्र्याच्या कार्यालयातले कोणी, त्या उमेदवाराला दूरच्या देशातील अनोळखी परीक्षकाने स्वीकारलेला निबंध हाच एक आधार होता आणि आजही आहे. तो आधार भ्रष्ट झाला हे मला मान्य आहे, पण त्याच्या जागी सुबक शंभर शब्द आले तर ज्याची लेखणी गोड आणि ओळख मोठी तोच पुन्हा पुढे जाईल.

तिसरे असे की लोकांना कळेल असेच लिहा म्हटल्यावर हळूहळू लोकांना उपयोगी पडेल असेच संशोधन करा, असा दबाव येतो. गोव्यातल्या कोसबेंचे गणितज्ञ दामोदर कोसंबी यांनी १९४४ च्या सुमारास जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक गणिती सूत्र दिले, जे आजही अनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाने वापरले जाते. त्या वर्षी त्यांना गोव्याच्या शेतकऱ्यासाठी शंभर शब्द लिहायला सांगितले असते, तर त्यांनी काय लिहिले असते?

आणि शेवटी वेळ. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, उत्तरपत्रिका, प्रवेश आणि समित्या. तुमचे शंभर शब्द त्यात कुठे बसतात?

आकडेमोड

एक बारीकशी भर. २०१८ च्या तक्त्यानुसार दोन लेखकांच्या निबंधात प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात, म्हणजे एकाने लिहिलेला निबंध शंभराचा आणि दोघांनी लिहिलेला एकशे चाळीसचा. सहलेखनाचे एवढे प्रेम अचानक का वाढले, याचे उत्तर गणितात आहे.

जुनी पोथी

पठारवासींचा निकटवर्तीयांबद्दलचा मुद्दा खरा आहे, आणि मूळ लेखकाने त्याला बगल दिली आहे. तरीही मी त्यांच्या विरोधात लिहितो आहे, कारण त्यांनी ज्या अनोळखी परीक्षकाचा उल्लेख केला तो परीक्षक मराठीच्या अभ्यासकाला उपलब्धच नाही. आमच्या विषयातील नियतकालिके आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये जवळजवळ नाहीत. त्यामुळे आकड्यांचा जो आधार विज्ञानातल्या एकाकी उमेदवाराला मिळतो, तो आमच्याकडच्या एकाकी उमेदवाराला मिळत नाही. त्याच्या वाट्याला केवळ आकड्यांचा जाच येतो.

उदाहरण घ्या. प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी मराठीत पाठचिकित्सेची शिस्त रुजवली. एका काव्याच्या उपलब्ध पोथ्या गोळा करायच्या, त्यांची कुळे ठरवायची, लेखनिकाने केलेली चूक आणि कवीचा मूळ शब्द यांत फरक करायचा, आणि प्रत्येक ओळीखाली पाठभेद नोंदवायचे. या कामात वर्षे जातात, आणि अनेकदा पोथी ज्यांच्या घरात असते त्यांची मर्जी राखण्यात त्याहून अधिक. आजच्या तक्त्यात राष्ट्रीय प्रकाशकाकडून निघालेल्या संपादित ग्रंथाला ८ गुण आहेत. मानव्यविद्यांतल्या एका निबंधाला १०. संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला ८ आणि एखाद्या प्रकरणाच्या अनुवादाला ३. म्हणजे चिकित्सक आवृत्ती काढणाऱ्या माणसाने त्यापेक्षा तिच्या प्रस्तावनेचे दोन निबंध करून छापावेत, असा सल्ला हा तक्ता देतो, आणि मी स्वतः तो सल्ला एका तरुण सहकाऱ्याला दिला आहे. मला त्याचा अभिमान नाही.

कोसंबींचे उदाहरण मात्र पठारवासींच्या बाजूचे आहे की नाही, याबद्दल मला शंका आहे. याच कोसंबींनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस, अविभाज्य संख्यांबद्दलचे रीमानचे प्रसिद्ध गृहीतक सिद्ध केल्याचा दावा करणारा एक निबंध भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात छापला होता, आणि ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावानेही त्यांनी संख्या-सिद्धांतावर, म्हणजे संख्यांच्या गुणधर्मांच्या गणितावर, लिहिले. नियतकालिकाच्या नावावरून माणसाची पारख करणाऱ्या तक्त्यात हे सगळे कुठे बसवणार?

पठारवासी

जुनी पोथी, तो निबंध चुकीचा होता. संख्या-सिद्धांताच्या जाणकारांनी तो छापण्यापूर्वी नीट तपासला असता तर कोसंबींची मानहानी टळली असती. योग्य नियतकालिक आणि योग्य परीक्षक यांना मी एवढे का धरून बसलो आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला देता आले नसते. संपादित ग्रंथाचे गुण मात्र लाजिरवाणे आहेत. त्याबद्दल मी वाद घालणार नाही.

रापणकारीण

मी महाविद्यालयात शिकवत नाही, एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझे वडील अजूनही बार्देसच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढतात. या चर्चेत दोन्ही बाजू एकमेकांच्या बढतीबद्दल बोलत आहेत असे मला वाटते.

१९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल येथे आहे. ती विद्यापीठाचा भाग नाही, पण एकाच पठाराच्या दोन कडांना दोघांचे बस्तान आहे. तिथल्या डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांचा एक निबंध २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आला, ज्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रातील प्राणवायूच्या तुटवड्याचा अभ्यास होता. त्या अभ्यासमालेचे पाण्याचे नमुने वर्षानुवर्षे कांदोळीच्या समुद्रातून घेतले गेले. कांदोळी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ज्या पाण्यावर माझ्या वडिलांचे पोट आहे, त्याच पाण्याबद्दल जगातल्या नामांकित नियतकालिकात काही छापून आले आहे हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, तेही कोल्हापूरच्या ग्रंथालयात, कळले. अशा निबंधाला तक्ता भरपूर गुण देईल याची मला खात्री आहे. प्रभावांक १० च्या वर असला की ३० गुण मिळतात, असे मी या चर्चेसाठी मुद्दाम शोधून पाहिले.

पठारवासी सर, दबावाची तुमची भीती मला समजते. पण आम्ही उपयोग मागत नाही, बातमी मागतो आहोत.

अंत्रुजकर

निकटवर्तीयांचा मुद्दा मी टाळला, हे कबूल. माझी दुरुस्ती अशी की या शंभर शब्दांना एकही गुण नसावा. गुण ठेवले की त्यांचाही धंदा होईल आणि वर्षभरात ‘शंभर शब्द लिहून मिळतील’ अशी जाहिरात येईल. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने जो मसुदा काढला, त्यात भारतीय भाषांतील अध्यापन आणि समाजाशी संबंध यांना ‘उल्लेखनीय योगदान’ म्हणून स्थान देण्याचा विचार होता. तो वाचून मला आनंद कमी आणि धास्ती जास्त वाटली, ती याच कारणाने.

पठारवासी

गुण नसतील तर माझा अर्धा विरोध संपतो. उरलेल्या अर्ध्यासाठी प्रयोग करून पाहिला. विषय माझ्या कामाला जवळचा असल्याने रापणकारीण यांनी सांगितलेल्याच निबंधाची नोंद लिहिली आहे:

‘पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोल समुद्रातील थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर सरकते. त्यावर पावसाचे आणि नद्यांचे हलके पाणी झाकणासारखे पसरते, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही. उरलासुरला प्राणवायू संपला की सूक्ष्मजीव नायट्रेट वापरू लागतात आणि नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू बाहेर पडतो. नायट्रेटही संपले की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ही स्थिती तीव्र होत असून जमिनीवरून वाहून येणारी खते त्याला कारण असावीत, असे लेखकांना वाटते.’

रापणकारीण

वडिलांना वाचून दाखवले. वासाच्या वाक्यावर त्यांनी मान डोलावली. त्यांचा प्रश्न असा आहे: १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, मग हे झाकण निघते कधी?

पठारवासी

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते सर्वांत घट्ट असते. पुढे प्रवाह उलटतात आणि साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत खालचे पाणी मागे हटते. हे नोंदीत यायला हवे होते, ते माझ्याकडून राहिले.

एक सांगून ठेवतो. पहिल्या खर्ड्यात मी ‘झाकण’ऐवजी ‘स्तरीकरण’ लिहिले होते आणि ते खोडायला धीर होत नव्हता. एवढ्या पाच-सहा ओळींना मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि तोवर उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा तसाच पडून राहिला. १६ तासांत हे कुठे धरायचे, हा माझा प्रश्न अजून तिथेच आहे.