फॉक्स हंटसाठी क्राकेन घ्यावा की डाँगलवर भागेल? (कोल्हापूर)

राजारामपुरीकर: मंडळी, पाऊस सरला की आमच्या हॅम (हौशी रेडिओवाल्यांच्या) ग्रुपचा फॉक्स हंट, म्हणजे दडवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ आहे. १४५ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर पन्हाळ्याकडं कुठंतरी दडवणार. यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) हातात धरून फिरण्यापेक्षा गच्चीवर अँटेना लावून दिशा काढायचा विचार आहे. दोन आरटीएल-एसडीआर डाँगल (कॉम्प्युटरला लावायचे छोटे रेडिओ रिसीव्हर) पडून आहेत, त्यावर भागेल का, की पाच रिसीव्हरांचा क्राकेन डबा घ्यावा? आणि नॉइजखाली (रेडिओच्या खरखरीखाली) लपणारी रडारं यात दिसतात का?

तारयंत्र: सुट्या डाँगलवर नाही जमायचं, राव. लाट एका अँटेनाला आधी, दुसरीला नंतर पोचते; त्या फेजच्या (लाटेच्या चढउताराच्या टप्प्याच्या) फरकावरून दिशा निघते. प्रत्येक डाँगलचं क्रिस्टल आपल्याच तालात चालतं, मग फरक लाटेचा की क्रिस्टलचा, कळायचं कसं? क्लॉक एक केला तरी ट्यूनर दरवेळी वेगळ्या फेजला लॉक होतो. क्राकेनमधले पाचही रिसीव्हर एका क्लॉकवर चालतात, आणि आतला नॉइज सोर्स सगळ्यांना एकच नॉइज देऊन आपापसातला फरक काढून टाकतो. पैसे त्याचेच. हे कॅलिब्रेशन डब्यापुरतं असतं, म्हणून पाचही केबल एकाच रोलमधनं, एकाच मापाच्या कापा. शेजारच्या अँटेनांत एक मीटरपेक्षा कमी अंतर ठेवा. अर्ध्या तरंगलांबीच्या पुढं गेलात की खोट्या दिशा दिसायला लागतात.

उद्यमनगरचा मिस्त्री: गच्चीवर पत्र्याची शेड नि टाकी असणारच. म्युझिक अल्गोरिदम (दिशा काढायची गणिती रीत) पाच अँटेनांवर चार वेगवेगळे सिग्नल सुटे करतो, पण त्याच सिग्नलचं पत्र्यावरनं आलेलं प्रतिबिंब त्याला गंडवतं. त्यापेक्षा मोकळं मैदान बघा. शिवाय एका जागेवरनं नुसती रेघ मिळते. २० किलोमीटरवर ५ अंश चुकलात तर पावणेदोन किलोमीटर बाजूला! दुसरी रेघ जोतिबाच्या डोंगरावरनं घ्या, दोन्ही छेदतील तिथं फॉक्स.

तारयंत्र: रडारचं राहिलंच. क्राकेन १७६६ मेगाहर्ट्झला थांबतो. जहाजावरची बरीच रडारं ९४०० च्या आसपास असतात. मात्र नॉइजखालचं पकडायची युक्ती फॉक्सवरच करून बघा. दोन अँटेनांचे नमुने एकमेकांशी गुणून बराच वेळ सरासरी काढायची. प्रत्येक रिसीव्हरचा नॉइज वेगळा, तो विरत जातो; दोघांत सामाईक असलेला सिग्नल वर येतो. ट्रान्समीटरची पॉवर कमी करत जा, वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्रात) दिसेनासा झाला तरी दिशा येते का बघा. मजा त्यातच आहे.

राजारामपुरीकर: जोतिबाचं पटलं. ग्रुपमध्ये वर्गणी काढतो. त्याआधी कोल्हापूर-सांगलीत कुणाकडं क्राकेन चालू हालतीत बघायला मिळेल का?