ट्रॅम्पोलिनला मराठीत काय म्हणायचं? आणि गच्चीवर घ्यावं का?

पोहेजलेबी_इंदूर:
मंडळी, मुलगा सात वर्षांचा आहे, मागच्या महिन्यात मेळ्यात त्या जाळीवर उड्या मारून आला नि तेव्हापासून घरात एकच धोशा, ट्रॅम्पोलिन घ्या. सासूबाई विचारतात हे ट्रॅम्पोलिन म्हणजे नेमकं काय गं, त्याला मराठी नाव नाही का? इथे तर सगळे नुसतं 'जंपिंग' म्हणतात. गच्चीवर आठ फुटी आरामात बसेल. घेऊ का?

रामबागवाला:
शब्द स्पॅनिश आहे, तिकडे त्रांपोलिन म्हणजे तलावावरची सूर मारायची फळी. आयोवाच्या जॉर्ज निसेनने सर्कशीतले झुलेवाले शेवटी जाळीत पडून उसळतात ते पाहिलं, त्यावरून १९३४ च्या सुमारास लॅरी ग्रिसवोल्डबरोबर लोखंडी चौकटीत कॅनव्हास ताणून हे बनवलं. नावाचा ट्रेडमार्कही घेतला होता, पण आपल्याकडे डालडाचं झालं तेच झालं, सगळेच म्हणायला लागले. सासूबाईंना सांगा, 'उसळजाळी' 😄

गुडघेदुखी५८:
माझ्याकडे छोटं गोल आहे, हॉलमध्ये मावतं. सकाळी चहाआधी दहा मिनिटं, पाय न उचलता नुसतं डोलायचं, एक हात खिडकीच्या गजाला. बाकी ते २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून खेळ म्हणून आहे, ते लोक पार आठ मीटर वर जातात, ते आपण टीव्हीवरच बघावं.

भाचीचा_मामा:
ताई, गच्चीवर नकोच. आठ फुटीची जाळी जमिनीपासून दोन-सव्वादोन फूट वर असते, गच्चीचा कठडा तीन फूट, म्हणजे पोरगं वर उभं राहिलं की कठडा त्याच्या पोटरीला! आणि एका वेळी एकच जण, यात तडजोड नाही. उसळी कापड देत नाही, कडेच्या स्प्रिंगा देतात, मोठा पोरगा उडाला की जाळी वर येते नि त्याच क्षणी छोटं खाली येत असेल तर ते सरळ तिच्यावर आदळतं. माझ्या भाचीचा हात असाच मोडला, अंगावर कुणी पडलंही नव्हतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर घरी वापरूच नका म्हणते.

पोहेजलेबी_इंदूर:
कठड्याचं डोक्यातच आलं नव्हतं हो, आत्ता टेप घेऊन वर जाऊन आले, दोन फूट दहा इंच. कॅन्सल. आता चिरंजीवांना कोण सांगणार ते ठरतंय. आणि उसळजाळी नापास, सासूबाई म्हणतात उसळ ऐकलं की मटकी भिजवायची आठवण होते.