मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात लॅटिनो मुलांसाठी तंबाखूविरोधी युवा गट, आराखडा तपासून द्याल का?

रानवारा

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, फ्रेझ्नोच्या दक्षिणेला एका छोट्या गावातल्या सामाजिक संस्थेसाठी हा आराखडा करते आहे. बहुतेक घरं मेक्सिकोहून आलेल्या शेतमजुरांची, काही घरांत स्पॅनिशऐवजी मिश्तेको ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलतात. गटात नववी ते बारावीची 15 ते 18 मुलं-मुली असतील. मुलांना वेप (ई-सिगारेट) आणि तंबाखूपासून लांब ठेवायचं, आणि त्यांच्यातूनच गावासाठी उभं राहून बोलणारी मंडळी तयार करायची, असे दोन्ही हेतू आहेत. हाताशी 12 आठवडे, आठवड्याला दीड तास, दोन मोठी माणसं आणि बेताचा निधी.

सध्या असं ठरवलंय: पहिले सहा आठवडे तंबाखूचे दुष्परिणाम (स्लाइड्स, फुप्फुसांचं मॉडेल), मग चार आठवडे नेतृत्वगुण (भाषणकला, संघभावना), शेवटचे दोन पोस्टर स्पर्धा आणि 31 मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या फेरीची तयारी.

क्रम बरोबर आहे का? पालकांना कसं सामील करून घ्यावं? मुलांकडून दुकानांची पाहणी करून घेतलेली कायद्याने चालते का? आणि गटातलंच एखादं मूल वेप ओढत असेल तर काय करायचं? अशा गटांतून चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर मुलं गळतात असंही ऐकते. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावं.

साकव

रानवारा, मुलं का गळतात याचं उत्तर तुमच्या आराखड्यातच आहे. सहा आठवडे मुलांनी नुसतं ऐकायचं, आणि तेही शाळेत आधीच ऐकलेलं. फुप्फुसांचं काळं मॉडेल पंधरा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या वयाचं वाटतं. भीती घालून मुलं थांबत नाहीत. फिलिप मॉरिसनेच 1998 मध्ये 'विचार कर, ओढू नकोस' छापाची जाहिरात मोहीम काढली होती. तिने मुलांवर काही चांगला परिणाम केला नाही, उलट कल थोडा वाढलाच. त्याच वर्षी फ्लोरिडात मुलांनीच चालवलेली 'ट्रुथ' मोहीम सुरू झाली. कंपन्या तुम्हाला कसं गिऱ्हाईक बनवतात, हा तिचा विषय. ती लागू पडली.

म्हणून तंबाखू आणि नेतृत्व असे दोन वेगळे भाग करू नका. पहिल्या आठवड्यापासून मुलांच्या हातात खरा निर्णय द्या. एकूण निधीतले 200 डॉलर मुलांच्या नावे बाजूला काढा आणि ते कशावर खर्चायचे हे त्यांनीच मतदानाने ठरवू दे. प्रत्येक बैठकीला सूत्रधार, वेळ पाहणारा आणि नोंदी ठेवणारा हे मुलांपैकीच, दर आठवड्याला बदलून. सूत्रधाराबरोबर आदल्या दिवशी 20 मिनिटं फोनवर बसा, नाहीतर तो अडखळतो आणि मोठी माणसं सूत्रं परत हातात घेतात. असे गट बहुतेक वेळा इथेच बिघडतात.

रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलं वापरली जातात, शोभेला ठेवली जातात किंवा नावापुरती बोलावली जातात. मोठ्यांनी लिहून दिलेल्या घोषणा देत फेरी काढली तर ती याच तीन पायऱ्यांवर राहते, पोस्टर कितीही छान असलं तरी.

दुष्परिणामांना एक बैठक पुरे, आणि तीही आकडेमोडीची. जूल या वेप कंपनीच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या छोट्या कुपीत, 0.7 मिली द्रव, निकोटीन साधारण 40 मिलिग्रॅम. आता 13 मिलीचं 5 टक्के निकोटीनवालं डिस्पोजेबल यंत्र घ्या: मिलीला 50 मिलिग्रॅम धरले तर 650. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम. हे गणित मुलांना स्वतः फळ्यावर मांडू द्या. पुढचा प्रश्न मुलंच विचारतात: एवढं निकोटीन घशाला झोंबत कसं नाही? कारण यात बेंझोइक आम्ल घालून निकोटीनचा क्षार केलेला असतो, त्यामुळे झुरका सौम्य लागतो. त्यावर आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा स्वाद. 2024 च्या राष्ट्रीय शालेय पाहणीत वेप ओढणाऱ्या मुलांपैकी 87.6 टक्के स्वादाचंच उत्पादन वापरत होती, आणि 26.3 टक्के रोज ओढत होती.

एक आग्रहाची सूचना. तंबाखू कंपनीने दिलेला अभ्यासक्रम किंवा पैसा फुकट मिळाला तरी घेऊ नका. जूलनेही शाळांना स्वतःचा अभ्यासक्रम देऊ केला होता.

अबोली

पालकांबद्दल लिहिते.

संमतीपत्र स्पॅनिशमध्ये द्याच, पण ते घरी पाठवून सही होऊन येईल या भरवशावर राहू नका. मिश्तेको मुख्यतः बोलली जाते, लिहिली क्वचितच जाते. तिथे कागद उपयोगाचा नाही, तोंडी सांगणारं माणूस हवं. गावातल्या आरोग्यसेविका, ज्यांना तिकडे प्रोमोतोरा म्हणतात, त्यांना पहिल्या पालकसभेआधीच गाठा. दुभाषाचं काम त्याच घरच्या मुलीवर टाकू नका. आईपुढे ती स्वतःबद्दलचे प्रश्न खरे भाषांतरित करणार नाही.

सभा संध्याकाळी सहानंतर, जेवणासकट, धाकट्या भावंडांना सांभाळायची सोय करून. ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी, तेव्हा पालक येत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत बरीच कुटुंबं मेक्सिकोला जातात. फेब्रुवारीच्या मध्यात सुरुवात केलीत तर 12 आठवडे नीट बसतात आणि 31 मेच्या आधी दोन-तीन आठवडे हाताशी उरतात. शनिवार टाळा, मोठी मुलं कामावर जातात, नाहीतर कुणाची तरी किन्सेआन्येरा, म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा, असते.

पालकांची एक समजूत हळुवारपणे काढावी लागते: आमच्या घरात कुणी ओढत नाही, म्हणजे मूल सुरक्षित. लॅटिनो प्रौढांमध्ये धूम्रपान अमेरिकेच्या सरासरीपेक्षा कमी आहे हे खरं. पण इथे जन्मलेल्या, इथल्या वळणाला लागलेल्या पिढीत ते वाढतं, आणि मुलींमध्ये हा फरक जास्त दिसतो. शिवाय वेपचं यंत्र हायलाइटर पेनासारखं दिसतं, वास फळाचा येतो. पालकसभेत रिकामी, बॅटरी काढलेली तीन-चार यंत्रं टेबलावर ठेवा आणि हातात घेऊ द्या. 'तुमचं मूल तंबाखू घेतं का' असं मोघम विचारू नका, वस्तूचं नाव घ्या: वेप, निकोटीनची पुडी, सिगारिलो (छोटा सिगार). मुलांच्या पाहणीतही तसंच, आणि 'गेल्या 30 दिवसांत' अशी मुदत घालून.

आणि कुठल्याही कागदावर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा (अमेरिकन सरकारी ओळख क्रमांकाचा) रकाना ठेवू नका. ज्या घरात अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांचा प्रश्न आहे ते घर त्याच क्षणी मागे हटतं. मुलांचं मानधन गिफ्ट कार्डाने द्या, आणि दिल्याची सही घेऊन ठेवा.

तिठा

दुकानांची पाहणी: बघणं, मोजणं, लिहून घेणं पूर्ण चालतं. खरेदी करून बघणं अजिबात नाही. राज्यात जून 2016 पासून आणि देशभर डिसेंबर 2019 पासून वयाची अट 21 आहे. अल्पवयीन मुलाला पाठवून दुकानदार विकतो का हे तपासण्याचं काम अंमलबजावणी यंत्रणेचं, त्यासाठी 1994 चा स्टेक कायदा आहे. तुमच्या मुलांनी ते केलं तर मुलं अडचणीत येतात आणि पाहणीही बाद होते.

परवानाधारक दुकानांची यादी राज्याच्या कर खात्याकडून मागवता येते. गाव छोटं असेल तर सगळीच दुकानं घ्या. निवडक घेतलीत तर नगर परिषदेत पहिला आक्षेप तोच येईल. दोन मुलं आणि बाहेर उभं एक मोठं माणूस अशी जोडी. कागद एकाच पानाचा, दहा-बारा प्रश्नांचा: बाहेर जाहिराती किती, जमिनीपासून तीन फुटांच्या खाली, म्हणजे लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर, किती, चॉकलेट-गोळ्यांपासून 12 इंचांच्या आत तंबाखूची वस्तू आहे का, 21 वर्षांची सूचना गल्ल्याजवळ लावली आहे का, सर्वात स्वस्त पाकीट केवढ्याला, सुटी सिगारेट मिळते असं दिसतं का. दारूचा परवाना असलेल्या दुकानाच्या काचांवर जाहिराती एकूण काचेच्या 33 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. टेप घेऊन हे बाहेरून मोजता येतं आणि मुलांना यात फार रस वाटतो.

डिसेंबर 2022 पासून राज्यात मेंथॉलसकट बहुतेक स्वादांची तंबाखू-उत्पादनं दुकानात विकायला बंदी आहे (हुक्का, महागडे सिगार अशा थोड्या सवलती सोडून). त्यानंतर कंपन्यांनी स्वादाचं नाव काढून नुसता थंडावा देणारी उत्पादनं आणली, म्हणून 2025 पासून थंडावाही व्याख्येत आला. वेष्टनावर नावाऐवजी नुसता रंग दिसला तर मुलांनी नाव जसंच्या तसं लिहून घ्यावं, 'स्वाद आहे' असा निष्कर्ष स्वतः काढू नये.

चुका कुठे होतात? एका फलकावर दोन ब्रँड असतील तर एक धरायचं की दोन, हे आधी ठरवलेलं नसतं. पहिली तीन दुकानं दोन जोड्यांनी वेगवेगळी मोजावीत आणि आकडे जुळवून बघावेत. जिथे जुळत नाहीत तिथे प्रश्नाची भाषा बदला. शाळेपासूनचं अंतर सरळ रेषेत की चालत, तेही एकदाच ठरवा. फोटो पदपथावरून, माणसांचे चेहरे टाळून. आत फोटो काढायचा तर मालकाला विचारून.

मालकाबद्दल एक. व्हॅलीतली कितीतरी दुकानं पंजाबी, गुजराती किंवा मेक्सिकन कुटुंबांचीच आहेत. मुलांना आत गेल्यावर आधी नमस्कार करायला आणि आपण कोण ते सांगायला शिकवा. अहवालात दुकानाचं नाव न छापता क्रमांक द्या. ज्याने सूचना नीट लावली आहे, गोळ्यांजवळून माल हलवला आहे, त्याचं जाहीर कौतुक करा. पुढे परिषदेत तो तुमच्या बाजूने बोलू शकतो.

गावकुस

इकडे महाराष्ट्रात शाळांबरोबर काम करतो, म्हणून एवढंच. 2003 च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी आहे आणि 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत त्या हद्दीवर पिवळी रेघ मारायला सांगितलंय. मुलांनी स्वतः टेप धरून अंतर मोजलं आणि रेघ मारली की टपरीवाल्याला आणि मुख्याध्यापकांना दोघांनाही ती रोज दिसते. तुमच्याकडे रस्ता रंगवायला परवानगी लागेल, पण मोठ्या कागदी नकाशावर शाळेभोवती हजार फुटांचं वर्तुळ मुलांना नक्की काढता येईल.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिले सहा आठवडे काढून टाकले! दोन गोष्टी अजून हव्या आहेत. गटातलं मूल वेप ओढत असेल तर? आणि नगर परिषदेत मुलांनी नेमकं काय मागायचं? निम्म्या पालकांना इंग्रजी येत नाही, त्यांनाही बोलायचं आहे.

अबोली

वेप ओढणाऱ्या मुलाला गटातून काढू नका. सवय कशी लागते हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळतं, आणि काढलंत तर बाकीची मुलं तुमच्याशी खोटं बोलायला शिकतील. गुप्तता कुठपर्यंत आणि जिवाला धोका असेल तर काय, हे पहिल्याच बैठकीत सांगा. सवय किती खोल आहे हे पाहायला एक प्रश्न पुरतो: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढावंसं वाटतं का? हो असेल तर नुसत्या समजुतीवर सोडू नका, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. 18 च्या आत निकोटीनची पट्टी किंवा च्युइंगगम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. स्पॅनिशमध्ये सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय मोफत क्रमांक 1-855-335-3569. शाळेत पकडलं गेलेल्या मुलाला निलंबनाऐवजी वर्ग देणारा अमेरिकन लंग असोसिएशनचा 'इनडेप्थ' कार्यक्रम आहे. त्याबद्दल मुख्याध्यापकांशी आत्ताच बोलून ठेवा, घटना घडल्यावर नको.

तिठा

मागणी एकच ठेवा: तंबाखूविक्रीसाठी गावाचा स्वतःचा परवाना. दरवर्षी नूतनीकरण, तपासणीचा खर्च भागेल एवढं शुल्क, आणि अल्पवयीनाला विकल्यास परवाना स्थगित. शुल्क कमी ठेवलं की तपासणीला माणूस मिळत नाही आणि कायदा कागदावर राहतो, म्हणून मुलांनी शुल्काचा हिशोब पाठ करून जावा. तुमचा निधी राज्याच्या तंबाखू कराचा असेल तर त्या पैशातून विशिष्ट ठरावासाठी लॉबिंग चालत नाही, पाहणीचे निष्कर्ष मांडणं चालतं. करारातलं ते कलम भाषण लिहिण्याआधी अनुदान अधिकाऱ्याकडून समजून घ्या.

नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते, तेव्हाच भाषणांची वाटणी करा. एका मुलाला बहुधा दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणजे मोठ्याने वाचून 250 शब्द. एकाने नकाशा, दुसरीने काचांची मोजणी, तिसऱ्याने मागणी, असं वाटून द्या. सगळ्यांनी तेच बोलू नये. पालकांसाठी: राज्याच्या ब्राउन कायद्यानुसार, म्हणजे खुल्या सार्वजनिक बैठकांच्या कायद्यानुसार, दुभाषामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, फक्त जिथे एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रं आहेत तिथे नाही. सभेला हजर राहण्यासाठी नाव-पत्ता लिहिण्याची सक्तीही करता येत नाही. हे स्पॅनिशमध्ये आणि मिश्तेको बोलणाऱ्यांना तोंडी, आधीच्या आठवड्यात सांगा. दुभाषाची सोय करून द्यायची विनंती नगर लिपिकाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

रानवारा

नगर लिपिकांना आजच पत्र लिहिते. दुकानांच्या पाहणीचा एक पानी कागद तयार झाला की इथेच टाकते, तिठा आणि साकव, प्रश्नांची भाषा तेवढी तपासून द्या.