'सेटलमेंटचा' हा शब्द मोबाइलच्या आधीचा
मुलं दुसऱ्यांना हिणवणारे शब्द मोबाइलवरून उचलतात, असं म्हणतात. ईशान्येकडच्या लोकांना चिडवायच्या 'चिंकी'बद्दल खरं असेल. पण आमच्या सोलापुरात 'सेटलमेंटचा' ही शिवी मी स्वतः शाळेत असताना ऐकलीय, तेव्हा घरात साधा फोनही नव्हता. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यातल्या कित्येकांना इथे तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये डांबलं. कायदा १९५२ ला गेला, शब्द काही गेला नाही.

मागच्या वर्षी लेकाच्या सहावीच्या वर्गात कुणाचीतरी कंपासपेटी हरवली. पोरं सेटलमेंटमधल्या एका मुलाकडे बघत एका सुरात म्हणाली, "त्याचं दप्तर बघा." आणि बाईंनी खरंच सगळ्यांसमोर ओतलं हो ते दप्तर! निघालं काय, तर दोन वह्या आणि कागदात बांधलेली कडक भाकरी. पेटी दुसऱ्या दिवशी रिक्षात सापडली. शाळेत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "मुलांचं एवढं मनावर घेऊ नका." पोरांचं सोडा, दप्तर बाईंनी ओतलं होतं. घरी लेकाला विचारलं, तूपण म्हणालास का? तो मान खाली घालून चपलेचा पट्टा ओढत बसला.