शाळेच्या भिंतीवर मधमाश्या : नेमके काय रंगवावे?

प्रश्न (चित्रकला शिक्षिका, सातारा जिल्हा) :
मधमाश्या कमी होत असल्याची जाणीव गावाला व्हावी म्हणून आमची मुले शाळेची भिंत रंगवणार आहेत; पण नुसती सूर्यफुले आणि पिवळ्या-काळ्या माश्या काढून ते साधेल, असे मला वाटत नाही. काय काढावे?

उत्तर १ :
अमेरिकी चित्रकार मॅथ्यू विली यांनी निरनिराळ्या भिंतींवर मिळून ५०,००० मधमाश्या हाताने रंगवण्याचा संकल्प २०१५ मध्ये सोडला, कारण एका निरोगी वसाहतीत साधारण तेवढ्या माश्या असू शकतात. आपणही संख्येचा विचार करावा.

उत्तर २ (मधपाळ) :
ताई, आपल्याकडची सातेरी जातीची मधमाशी काढा. पोटावर गडद पट्टे, पंखांच्या दोन जोड्या आणि मागच्या पायांना चिकटलेल्या परागांच्या पिवळ्या गोळ्या, एवढे तरी अचूक यायला हवे. झाडाच्या ढोलीतल्या अंधारात तिची पोळी एकाशेजारी एक समांतर लटकतात, तर आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. शिवाय फुलोऱ्यातल्या पिकावर भर सकाळी होणारी फवारणीही दाखवा. माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारले तर पुष्कळ वाचतात.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. ढोलीचा उभा छेद काढून, त्यातल्या एका पोळ्याची घरे रिकामीच ठेवू.