'रिपॉझिटरी', 'लोन', 'अ‍ॅक्सेशन': सरकारी वस्तू दुसऱ्याच्या कपाटात असेल तर मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवर उत्खननात निघालेल्या वस्तू बऱ्याचदा विद्यापीठाच्या किंवा राज्याच्या संग्रहालयात राहतात. मालकी सरकारची, कपाट दुसऱ्याचं. त्याबद्दलच्या १९९० च्या नियमांचा (अमेरिकी केंद्रीय नियमसंग्रह, म्हणजे ३६ सीएफआर, भाग ७९) मराठी गोषवारा करतोय. रिपॉझिटरीला (वस्तू सांभाळणारी संस्था) 'भांडार', लोनला 'उसनवार', अ‍ॅक्सेशनला (वस्तू रीतसर संग्रहात नोंदवून घेणं) 'परिग्रहण', डिअ‍ॅक्सेशनला (संग्रहातून काढणं) 'निर्लेखन' असे शब्द योजलेत. चालतील का?

उत्तर
'भांडार' नको. भांडारातला माल भांडारवाल्याचाच वाटतो, आणि इथे तर तो त्याचा नाही हाच मुद्दा आहे. 'ठेव' घ्या. ठेव म्हटली की ठेवणारा वेगळा नि सांभाळणारा वेगळा हे सांगावं लागत नाही. संस्थेला 'ठेवघर' म्हणता येईल.

हरकत
ठेव म्हटलं की आज आधी बँक आठवते. बँकेत ठेवलेल्या नोटा त्याच परत मिळत नाहीत, तेवढी रक्कम मिळते. इथे तोच खापराचा तुकडा, त्याच क्रमांकाचा, परत मिळायला हवा. म्हणून 'निक्षेप' बरा. ('अनामत' तर मुळीच नको. ती निवडणुकीत जप्त होते.)

पुरवणी
निक्षेपाची बाजू आणखी भक्कम आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत आणि तिच्या टीकांत यातले भेद केलेले आहेत. समक्ष दाखवून सोपवलेला तो निक्षेप, आत काय आहे ते न सांगता बंद करून दिलेली ती उपनिधी, एकाकडची ठेव त्याने पुढे तिसऱ्याकडे ठेवली तर अन्वाहित, वापरायला मागून नेलेलं ते याचितक. हे चारही प्रकार आज ठेवघरांत सापडतात. यादीसह आलेली खोकी निक्षेप. धरणाच्या कामाआधी घाईने उकरून, टेप लावून पाठवलेली आणि अजून न उघडलेली खोकी उपनिधी. वाद बहुधा या दुसऱ्या प्रकारात होतो, कारण काय दिलं तेच नोंदलेलं नसतं, मग काय हरवलं हे कसं ठरवणार? गोषवाऱ्यात 'ठेवघर' लिहा, पण ठेवीचा प्रकार कंसात द्या.

उत्तर ('लोन'बद्दल)
शेजारून साखर उसनी आणतो तेव्हा तीच साखर परत करत नाही, वाटीभर दुसरी देतो. पाटा-वरवंटा मात्र मागून आणतो आणि तोच परत करतो. पुरावस्तू पाट्यासारखी आहे, म्हणून 'उसनवार' चूक. 'तात्पुरती नेआण' किंवा सरळ 'मागणी' म्हणा.
शिवाय या नियमांत दोन वेगळे कागद आहेत. सांभाळ करण्याच्या सामंजस्य कराराचा नमुना परिशिष्ट बी मध्ये, थोड्या मुदतीच्या लोनचा परिशिष्ट सी मध्ये. दोन्हींना एक शब्द वापरलात तर गोंधळ कागदावरच सुरू होईल. जुन्या फायलींत तो झालेलाच असतो: वर्षानुवर्षांच्या सांभाळाला 'लोन' म्हटलेलं, परतीची तारीख कोरी. माणसं बदलतात, पुढचा अभिरक्षक (क्युरेटर) त्या वस्तूला देणगी समजतो आणि स्वतःच्या वहीत चढवतो.

उत्तर ('परिग्रहण'बद्दल)
परिग्रह म्हणजे आपलं म्हणून स्वीकारणं. 'अपरिग्रह' आठवा. तेव्हा परिग्रहण सरकारी खात्याने करायचं, ठेवघराने फक्त 'दाखल' करायचं. दाखल नोंदवहीत निदान एवढे रकाने हवेत: मालक खातं, उत्खनन परवान्याचा क्रमांक, स्थळक्रमांक, कराराची तारीख, खोक्यांची संख्या, जागा. खात्याचा क्रमांक आणि ठेवघराचा क्रमांक दोन्ही चिठ्ठीवर लिहा, जुना खोडू नका.
मालकीचा रकाना अंदाजाने भरू नका. वस्तू कोणाच्या जमिनीतून निघाली ते आधी पाहायचं. एकाच प्रकल्पात सरकारी, खासगी आणि आदिवासी राष्ट्रांची (अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींची) जमीन येऊ शकते, आणि सगळी खोकी सरकारी धरली जातात.

शंका
'नग' कुठे लिहायचं? पाहणीत आकडे जुळत नाहीत.

उत्तर
'नोंद' आणि 'नग' वेगळे ठेवा. दगडाच्या तीनशे छिलक्यांची एकच नोंद असू शकते. एकाने नोंदी मोजल्या आणि दुसऱ्याने नग, तर काहीही न हरवता तफावत दिसते. तिसरं माप घनफूट: १२ × १५ × १० इंचांचं खोकं साधारण १ घनफूट भरतं, आणि सांभाळाचं शुल्क बहुधा यावरच ठरतं. खोकं अर्धं रिकामं असलं तरी शुल्क पूर्ण, म्हणून दडपून भरायचा मोह होतो आणि तळाची हाडं चिरडतात.
आणि 'वस्तुसंग्रह' लिहू नका, नुसतं 'संग्रह'. नियमाच्या व्याख्येत क्षेत्रवह्या, नकाशे, छायाचित्रंही त्यातच येतात. वह्यांची प्रत दुसऱ्या जागी ठेवायची. वही गेली तर तुकडा कुठल्या थरातला हे कायमचं गेलं.

दुरुस्ती ('निर्लेखन'बद्दल)
निर्लेखन मोडक्या खुर्च्यांचं होतं. इथे 'संग्रहातून वगळणं' म्हणा. पुरातत्त्वीय महत्त्व पुरेसं नसलेल्या वस्तू वगळायची वाट २०२२ च्या दुरुस्तीने उघडली, पण निर्णय खात्याचा. ठेवघराला खात्याच्या लेखी परवानगीशिवाय वस्तू टाकता, हस्तांतरित करता किंवा परत देता येत नाही.
आदिवासी राष्ट्रांना पूर्वजांचे अवशेष परत करणं (१९९० चा नॅगप्रा कायदा) यात मिसळू नका. त्याला 'प्रत्यर्पण'ही नको, तो शब्द फरारी गुन्हेगारांना चिकटलाय. 'परत सुपूर्द करणं' पुरे.

प्रश्नकर्ता
पटलं. 'कस्टडी'ला 'ताबा' ठेवतो, 'कोठडी' नाही. सांभाळाच्या कराराचं पहिलं वाक्य असं होईल: 'संग्रहाची मालकी सरकारची, ताबा ठेवघराचा, सोबतच्या यादीत नसलेलं कोणतंही खोकं या कराराखाली दाखल झालं असं समजू नये.'

उत्तर
शेवटचा भाग बदला. न उघडलेली खोकी अशाने कुणाचीच राहणार नाहीत. 'यादीत नसलेली खोकी बंद ठेव म्हणून दाखल, ९० दिवसांत दोघांसमक्ष उघडून यादी करायची' असं लिहा. दिवस किती ते खोक्यांच्या संख्येवर ठरवा.